लुसेराचा डावा डोळा

मित्रांनो, माझे वय एकोणीस वर्षे आहे. तुमच्यात या वयाला कोवळे म्हणतात. आम्हा घोड्यांत मात्र एवढे वय झाले की माणसे आमच्यासमोर आवाज खाली करून बोलू लागतात. माझे नाव लुसेरा. कपाळावर पांढरी चांदणी आहे, म्हणून हे नाव. रंग विटकरी, उजव्या गुडघ्यावर एक जुनी गाठ. मी ग्वासिमो गावात गाडी ओढते.

ग्वासिमोला रस्ता येत नाही. मागे डोंगर आणि घनदाट रान, पुढे समुद्र. जे काही यायचे ते खाडीपलीकडच्या तुर्बो शहराहून बोटीने येते. माणसे, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, शाळेची बाके, कोंबडीची पिल्ले, शवपेट्यासुद्धा. बोट धक्क्याला लागते तेव्हा माणसे ओलीचिंब होऊन, कंबर धरून उतरतात. लाटांवर आपटून आपटून त्यांची हाडे खिळखिळी झालेली असतात. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले सामान ती धक्क्यावर टाकतात आणि विचारतात, "आता पुढे कसं जायचं?" पुढे जायचे ते आमच्या गाड्यांतून.

मी स्वतःही अशीच आले. तीन वर्षांची असताना निकानोर चावेर्रा या माणसाने मला खाडीपलीकडच्या एका मळ्यातून विकत घेतले. माझे पाय बांधून, डोक्यावर गोणपाट टाकून त्याने मला लाकडी बोटीत आडवे केले होते. तो सारा वेळ माझ्या मानेवर हात ठेवून बसला होता. तरीही उतरल्यावर मी कितीतरी वेळ थरथरत होते. माझा स्वभावच भित्रा. वाऱ्याने हललेला कपडा, उलटी ठेवलेली बादली, धक्क्याच्या फळ्यांचा पोकळ आवाज, कशानेही मी बिचकते. पण भित्री घोडी जपून चालते, हे निकानोरने ओळखले. मोटारीची दोन जुनी चाके आणि चांगल्या लाकडाच्या फळ्या घेऊन त्याने गाडी बनवली आणि मला जुंपले. माझ्या गाडीतली अंडी कधी फुटली नाहीत. धक्क्यावर लोक म्हणत, "आरसा न्यायचा असेल तर लुसेराच्या गाडीत ठेवा." हे ऐकले की माझे कान आपोआप ताठ होत.

निकानोर नारळाच्या झाडावरून पडून गेला. त्याच्या मागे त्याच्या बायकोने, उबेर्तिनाने, लगाम हातात घेतला. तोवर गावात एकाही बाईने गाडी हाकली नव्हती. पहिल्याच दिवशी एक गाडीवाला ओरडला, "उबेर्तिना, गाडी हाकणं म्हणजे भात ढवळणं नव्हे!"

उबेर्तिना म्हणाली, "तुझ्या हातचा भात खाल्लाय मी. आता गाडी तरी बरी हाकतोस का, ते बघते."

सगळा धक्का हसला आणि त्यानंतर तिला कोणी काही बोलले नाही. ती तोंडाने कडक होती, हाताने मऊ. संध्याकाळी साज उतरवला की ती एप्रनच्या खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या तोंडापुढे धरी. तिने मला कधी मारले नाही. ती मला 'म्हातारे' म्हणे आणि मी तरुण होते तेव्हाही 'म्हातारे'च म्हणे.

मग तीनचाकी मोटारी आल्या. भडक रंगाच्या, कर्कश, गाणी वाजवणाऱ्या. एकेक गाडीवाला घोडा विकून तीनचाकी घेऊ लागला. उबेर्तिनाकडे एक वाट तेवढी उरली. गावापासून आग्वा ब्लांकाच्या किनाऱ्यापर्यंत कड्याच्या कडेने जाणारी पायवाट, जेमतेम गाडी जाईल एवढी रुंद, दगडांची आणि ओढ्यातून जाणारी. तिथे तीनचाकीची डाळ शिजत नाही. त्या वाटेवर माझे आणि उबेर्तिनाचे पोट चालत होते.

आणि नेमके त्याच वाटेने मला जीवघेण्या काळजीत टाकले. आता ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी, वाऱ्याच्या महिन्यांत, माझा डावा डोळा दुखू लागला. उजेड सुईसारखा टोचे. सारखे पाणी गळे. उबेर्तिनाने बघितले आणि म्हणाली, "वाळू गेलीय." तिने बाबूनाच्या फुलांच्या कोमट पाण्याने डोळा धुतला. चार दिवसांनी बरे वाटले. काही महिन्यांनी पुन्हा दुखला, पुन्हा धुतला. तिसऱ्या खेपेनंतर एका सकाळी दुखणे पार थांबले, पण डाव्या बाजूचे जग धुक्यात गेले. वाटले, धुके विरेल. ते विरले नाही. आधी दाट झाले आणि मग काळे.

तुमचे दोन्ही डोळे पुढे बघतात, मित्रांनो. घोड्याचा एक डोळा एका बाजूचा राखणदार असतो, दुसरा दुसऱ्या बाजूचा. माझ्या डाव्या बाजूचा राखणदार मेला आणि हे कोणालाच कळले नाही. गाडीच्या घोड्याच्या डोळ्यांना झापडे असतात. त्या चामड्याच्या आड माझा डोळा लपून राहिला.

मला बोलता येत असते तर मी सांगितले असते का? खरे सांगते, नसते सांगितले. आमच्या धक्क्यावर सार्खेंतो नावाचा एक करडा घोडा होता. त्याचे दोन्ही डोळे गेल्याचे त्याच्या मालकाला समजले, त्याच आठवड्यात तुर्बोहून एक माणूस आला. त्याने सार्खेंतोचे ओठ वर करून दात पाहिले, बरगड्यांवर हात फिरवला. सार्खेंतो त्याच्या मागून बोटीत चढला. तो कुठे गेला ते कोणी माझ्यासमोर बोलले नाही. आवाज खाली करून बोलले, पण घोड्याचे कान माणसापेक्षा लांब असतात.

म्हणून मी लपवले. मला मोजता येत नाही, पण माझ्या पायांना येते. मोठ्या खडकापासून रानबदामाच्या झाडापर्यंत किती पावले, तिथून ओढ्यापर्यंत किती, हे पायांनी पाठ केले. आग्वा ब्लांकाला जाताना समुद्र उजवीकडे असे, तो दिसे. परत धक्क्याकडे येताना समुद्र आणि कडा दोन्ही डावीकडे, माझ्या काळ्या बाजूला येत. तेव्हा मी खाली फुटणाऱ्या लाटांचा आवाज ऐकत चाले. आवाज जवळ वाटला की डोंगराला अंग घासत जाई. उबेर्तिना चिडे. "म्हातारे, चाक खडकावर घासतंय! तुझ्या बापाने टायर दिलेत का?" गावातून जाताना डावीकडून अचानक कुत्रे भुंके, चेंडू येई, पोर धावत जाई, आणि माझे काळीज लक्कन हले. पण मी बुजत नसे. बुजले असते तर कोणीतरी विचारले असते की घोडी का बुजली. रात्री झापडे उतरली की मी डावी बाजू भिंतीकडे करून उभी राही. रोज एकच विचार मनात येई. आज कळले नाही. उद्या कळेल.

या फेब्रुवारीत वारा असा सुटला की बंदराच्या माणसाने लाल बावटा लावला आणि आठ दिवस एकही बोट सुटली नाही की आली नाही. गावातले कांदे संपले, मग अंडी संपली, मग गॅस. धक्क्यावर डोमिनोचे डाव पडत राहिले. मी आठ दिवस अंगणात उभी होते. विश्रांती मिळाली म्हणून मला बरे वाटायला हवे होते, पण पाय वाट विसरतील या भीतीने मी जागच्या जागी पावले टाकत राही.

नवव्या दिवशी पहाटे वारा पडला. बावटा उतरला. नऊ वाजता एक बोट सुटणार आणि मग वारा उठला की बंदर पुन्हा बंद, असे गावभर झाले. उबेर्तिनाने घाईघाईने मला जुंपले. आग्वा ब्लांकाहून कासिल्दाबाईंना आणायचे होते.

कासिल्दा इबार्ग्वेन ही आमच्या गावाची शाळेची बाई. वय अठ्ठ्याहत्तर. निम्म्या गावाला तिनेच अक्षर शिकवले आणि उरलेल्या निम्म्याला कान धरून उभे केले. तिची धाकटी बहीण पेत्रोनिला तुर्बोला वारली, त्याला त्या दिवशी नऊ दिवस होत होते. आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी नऊ रात्री प्रार्थना करतात आणि नवव्या रात्री गाणी म्हणून त्याला निरोप देतात. बावटा लागला होता म्हणून बाईंना बहिणीच्या मातीला पोचता आले नव्हते. आता ही शेवटची रात्र तेवढी उरली होती.

आम्ही पोचलो तेव्हा बाई काळा झगा घालून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या.

"उशीर केलास, उबेर्तिना."

"बाई, अजून आठही वाजले नाहीत."

"मला सगळ्यालाच उशीर झालाय गं. चल."

परतीची वाट सुरू झाली. समुद्र डावीकडे. लाटा अजून मोठ्या होत्या, त्यांचा आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटत होता. मला कड्याचा अंदाज लागेना. मी हळू झाले. उबेर्तिनाने जिभेने टक् टक् केले. मी थोडा वेग घेतला आणि पुन्हा हळू झाले.

मोठा खडक मागे पडला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पुढे खणून ठेवलंय वाटतं. नळाचं काम."

"हो, परवापासून चाललंय."

"मग उतरून बघ ना जरा."

"लुसेराला दिसतं, बाई. तिला माझ्यापेक्षा जास्त दिसतं."

मित्रांनो, आयुष्यात अनेकांनी माझे कौतुक केले, पण त्या कौतुकाने माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला. पुढे खणले होते. कुठे? जाताना ते उजव्या डोळ्याला ओझरते दिसले होते, पण आता ते काळ्या बाजूला होते आणि किती पावलांवर, हे पायांना पाठ नव्हते. किती खोल? कोणी सांगेना. उजव्या डोळ्याला फक्त वाट आणि डोंगर दिसत होता. मी थांबले. उबेर्तिनाने लगाम हलवला. "चल गं, बोट जाईल!" मी एक पाऊल टाकले, मग दुसरे. आणि वळणावर उजवीकडे काहीतरी काळे, जाड, वेटोळे घालून पडलेले दिसले. ती नळाची गुंडाळी होती, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला भलामोठा साप दिसला. मी अंग चोरून डावीकडे सरले.

डावीकडे जमीन नव्हती. पुढचा पाय चरात गेला, मी गुडघ्यावर आले, गाडी कलली, दांडी काडकन मोडली. मागून आधी बाईंची पिशवी पडल्याचा आवाज आला आणि मग बाई पडल्याचा. सुदैवाने चराची माती कडेला रचली होती. बाई त्या ढिगावर पडल्या. पलीकडे कडा होता.

उबेर्तिना किंचाळत धावली. बाईंना बसते केले. त्यांचा डावा हात मनगटाशी वाकडा झाला होता आणि तोंड राखेसारखे झाले होते. उबेर्तिना माझ्याकडे वळली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"भवाने! डोळे फुटले का तुझे? आँ? डोळे फुटले?"

मी चरातून पाय काढला आणि मान खाली घालून उभी राहिले. बाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी चांगल्या हाताने डोक्यावरची गवती टोपी काढली आणि माझ्या डाव्या गालाजवळ जोरात हलवली. वारा लागला तेव्हा मी दचकले. मग त्यांनी टोपी नुसतीच हळूच पुढे आणली, अगदी पापणीपर्यंत. मी हलले नाही. मला कळलेच नाही.

"फुटलाय," बाई म्हणाल्या. "एक."

"काय?"

"या डोळ्याने आंधळी आहे ही."

"काहीतरीच बाई! कालपर्यंत चांगली होती."

"काल तू बघितलं होतंस?"

उबेर्तिनाने झापड बाजूला केले. तिचा श्वास माझ्या गालावर थांबला. दोन वर्षे ज्या क्षणाला भीत आले तो आला होता आणि मला पळायला जागा नव्हती.

खालून, धक्क्याच्या बाजूने, बोटीचा भोंगा वाजला. पहिला भोंगा. तिसऱ्याला बोट सुटते.

"मला हिच्यावर बसव," बाई म्हणाल्या.

"बाई, हात मोडलाय तुमचा!"

"हाताने चालत नाही मी. बसव."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहात!"

"वय मला माहीत आहे. मी गणित शिकवायचे."

"अहो, आंधळीवर बसणार?"

"एका बाजूने आंधळी आहे. त्या बाजूला तू चाल."

उबेर्तिनाने स्वतःचा रुमाल सोडून बाईंचा हात गळ्यात बांधला. मला गाडीतून सोडवले. मोडक्या गाडीवर चढवून, तिथून बाईंना माझ्या पाठीवर बसवले. माझ्या पाठीवर माणूस बसून किती वर्षे झाली होती. बाई पाखरासारख्या हलक्या होत्या, पण दुखण्याने त्यांचे अंग दर पावलाला आखडत होते, ते मला कळत होते. उबेर्तिना माझ्या डावीकडे आली. कड्याच्या बाजूला, जिथे तिच्या स्वतःच्याच पायाला जेमतेम जागा होती. तिने खांदा माझ्या मानेला टेकवला आणि आम्ही निघालो.

दोन वर्षांत प्रथमच माझ्या काळ्या बाजूला कोणीतरी होते. तरी भीती गेली नाही. आता माझा पाय चुकला तर दोघीही जाणार होत्या. उबेर्तिना पावलापुढे नजर ठेवून चालत होती. ती रागावली आहे का, की मनात तुर्बोच्या माणसाचा हिशेब करते आहे, हे मला तिच्या खांद्यावरून समजेना. दुसरा भोंगा झाला तेव्हा आम्ही ओढ्यात होतो.

धक्क्यावर गर्दी उसळली होती. फळ्यांचा पोकळ आवाज आला आणि माझे खूर जागीच रुतले. "चल," उबेर्तिना म्हणाली. तेवढेच. मी गेले.

कप्तान एवेलियोने बाईंना पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. "बाई, हे काय? दवाखान्यात जा आधी!"

"दवाखाना तुर्बोलाच आहे ना? मग तिकडेच चाललेय. मला मागची जागा दे, पुढे आपटतं."

"मागच्या सगळ्या भरल्या."

बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिले. "लिसांद्रो, तू कितवीत होतास रे, आईच्या सहीची नक्कल केलीस तेव्हा?"

पन्नाशीचा एक दांडगा माणूस मुकाट्याने उठून पुढच्या बाकावर जाऊन बसला. लोक हसले. कप्तानाने बाईंना उचलून बोटीत ठेवले, अंगावर प्लास्टिक पांघरले. तिसरा भोंगा झाला. बोट लाटेवर चढली, खाली गेली, पुन्हा चढली आणि दिसेनाशी झाली.

मग वारा उठला. दहा वाजता लाल बावटा पुन्हा वर गेला. वाऱ्याने फोनचा मनोराही बंद पडला होता. बोट पोचली की नाही, कळायला मार्ग नव्हता. उबेर्तिना धक्क्याच्या टोकाला बसून राहिली आणि मी तिच्यामागे. कोणी तिला भात आणि तळलेला मासा आणून दिला, तिने तो बाजूला ठेवला. "माझ्यामुळे," ती एकदा म्हणाली. कोणाला म्हणाली ते माहीत नाही. दुपारी तीनला मनोरा पुन्हा चालू झाला आणि डोमिनोवाल्यांतला एक फोन उंच धरून ओरडत आला, "पोचली! सगळे पोचले! ओकून ओकून बेजार, पण पोचले!"

उबेर्तिनाने तोंड ओंजळीत लपवले. मग उठून मला घरी नेले. लगाम आणि झापडे काढली आणि उजेडात माझे तोंड वळवून कितीतरी वेळ बघत राहिली.

"रोज," ती म्हणाली. "रोज मी हे बक्कल लावते. डोळ्यापासून चार बोटांवर."

त्या संध्याकाळी गुळाचा खडा मिळाला नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. गाडी सुताराकडे पडली होती. मला चारा-पाणी वेळेवर मिळे, पण उबेर्तिना माझ्याशी बोलत नसे. ती अंगणात यायची, बघायची आणि आत जायची. बुधवारी शेजारचा यादेर कुंपणाशी आला. त्याने नुकतीच पिवळी तीनचाकी घेतली होती.

"मावशी, उद्याच्या बोटीने तुर्बोचा माणूस येतोय. मी सांगून ठेवलंय त्याला. आंधळं जनावर काय पोसतेस? आज बाईंचा हात गेला, उद्या कोणाचा जीव जाईल."

उबेर्तिना म्हणाली, "हं."

ते 'हं' मी रात्रभर चघळले.

गुरुवारी सकाळी तिने मला खरारा केला. कपाळावरची चांदणी ओल्या फडक्याने पुसली. साज घातला नाही, गाडी नाही. नुसता दोर गळ्यात अडकवला आणि धक्क्याची वाट धरली. विकायच्या घोड्याला असेच नेतात. सार्खेंतोलाही पुसून नेले होते. मी दोर ताणला नाही. ती डावीकडून चालत होती.

बोट आली. ओल्या माणसांतून तो उतरला. मी त्याला वासावरून ओळखले. तो सरळ माझ्याकडे आला, ओठ वर केले, बरगड्यांवर हात फिरवला.

"अंगावर मांस नाही. पण नेतो. पोराने सांगितलं, तुला नड आहे."

उबेर्तिना समुद्राकडे बघत राहिली. फार वेळ. मित्रांनो, तिने आधीच ठरवले होते की त्या वेळी ठरवले, हे मला आजही माहीत नाही. घोडी गेली तर दुसरी घ्यायची तिची ऐपत नव्हती, आणि मी राहिले तर एका डोळ्याच्या घोडीवर कोण बसणार, हेही खरे होते.

"कोणत्या पोराने?" शेवटी तिने विचारले.

"तीनचाकीवाल्या."

"मग त्याची तीनचाकी ने. तिलाही एकच दिवा आहे."

धक्का असा हसला की डोमिनोच्या सोंगट्या सांडल्या. यादेरचे कान लाल झाले. तो माणूस खांदे उडवून निघून गेला आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर, धक्क्याच्या फळ्यांवर लीद टाकली. लोक आणखीच हसले. उबेर्तिना हसली नाही. तिने दोर मुठीभोवती आणखी एकदा गुंडाळला.

त्याच बोटीतून कासिल्दाबाई उतरल्या, हात कोपरापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये.

"पोचलात ना वेळेवर, बाई?" उबेर्तिनाने विचारले.

"शेवटचं गाणं बाकी होतं. एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणून नुसती गायले." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "गाडी कुठे आहे?"

"सुताराकडे. दांडी बसवून झालीय, तीच घ्यायला चालले होते. पण बाई, तुम्ही ओढ्यापर्यंत तीनचाकीने जा. पुढे कोणीतरी हात धरून नेईल तुम्हाला."

"का? मी घोडागाडीने जाणार. तिच्यावर रागावलीयेस?"

"तिच्यावर कशाला? दोन वर्षं ती ओरडून सांगत होती, चाक घासून घासून. मीच टायरचं रडत बसले."

बाई त्या दिवशी माझ्या गाडीत बसल्या. डाव्या बाजूला बसल्या आणि आग्वा ब्लांकापर्यंत मोठ्याने सांगत राहिल्या. "दगड. ओढा. चर, लुसेरा, चर." उबेर्तिना पायी चालली.

आता ती गाडीत बसतच नाही. तिने माझी झापडे चुलीत टाकली. मी 'डावी' हा शब्द शिकले आणि 'थांब' नव्याने शिकले. आम्ही पूर्वीपेक्षा हळू जातो. काही गिऱ्हाइके गेली. काही जण मुद्दाम आमच्यासाठी थांबतात. तीन महिन्यांनी बोटीने जनावरांची डॉक्टरीण आली. तिने माझ्या उजव्या डोळ्यात दिवा धरला आणि सांगितले की हाही जाऊ शकतो. वर्षाने, पाच वर्षांनी, किंवा कधीच नाही. म्हणजे माझी काळजी संपलेली नाही. अजूनही उजव्या डोळ्यात धूळ गेली की माझा श्वास अडकतो.

मित्रांनो, तुमच्या घरात घोडा नसेल. पण तुमच्यासाठी राबणारे कोणीतरी असेल. चार पायांचे असेल किंवा दोन पायांचे. ते चाक घासत चालले, थबकले, मंदावले, तर लगेच ओरडू नका. जे राबतात ते आपले दुखणे लपवतात, कारण दुखणे कळले की आपले काय होईल याची त्यांना भीती असते. त्यांनी सांगायची वाट बघू नका. तुम्हीच जवळ जाऊन बघा.

हल्ली रोज सकाळी, साज चढवण्याआधी, उबेर्तिना माझे तोंड दोन्ही हातांत धरते. आधी डावा डोळा बघते, जो तिला बघू शकत नाही. मग उजवा. घाई असली, धक्क्यावर भोंगा वाजत असला, तरी बघते. तिच्या तोंडाला कॉफीचा वास येतो. तिला त्यात काय दिसते ते ती सांगत नाही आणि मला विचारता येत नाही. मी फक्त पापणी न हलवता उभी राहते, तिचे बघून होईपर्यंत.